क्रॅपी मासेमारी

क्रॅपी मासेमारी : उत्तर अमेरिकेतील तळी, जलाशय व संथ नद्यांत आढळणारा क्रॅपी हा गोड्या पाण्यातील मासा गळाने पकडण्याचा छंद. साहित्य थोडे लागते, मासे थव्याने राहतात आणि काठावरूनही हाती लागतात. त्यामुळे नवशिक्यांना तो सोयीचा वाटतो.

मासा सेंट्रार्किडी कुलातील पोमॉक्सिस प्रजातीचा असून पांढरा क्रॅपी (पो. ॲन्युलॅरिस) व काळा क्रॅपी (पो. नायग्रोमॅक्युलेटस) या तिच्या दोन जाती होत. पहिलीचे नामकरण निसर्गवैज्ञानिक राफिनेस्क यांनी १८१८ मध्ये केले. दुसरीचे वर्णन निसर्गवैज्ञानिक लस्यूर यांच्या नावे असून ते १८२९ चे मानतात. प्रजातिनाम ‘झाकण’ व ‘टोकदार’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले असून कल्ल्यावरच्या झाकणाच्या टोकाकडे त्याचा रोख आहे.

‘क्रॅपी’ हे नाव कॅनडातील फ्रेंच भाषेतील ‘क्रापे’ या शब्दावरून आले असावे, असे सामान्यतः मानतात. त्याचा उच्चार कोठे ‘क्रॅपी’, तर कोठे ‘क्रॉपी’ असा होतो. लुइझियानातील ‘साक-आ-ले’ या नावाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. फ्रेंचमध्ये त्याचा शब्दशः अर्थ ‘दुधाची पिशवी’. पांढऱ्याशुभ्र मांसामुळे हे नाव पडले, असे लोक सांगतात. तथापि चॉक्टॉ या अमेरिकेतील मूलवासी लोकांच्या भाषेत एका प्रकारच्या माशासाठी ‘साक्ली’ असा शब्द आहे. त्याचाच कानाला ओळखीचा वाटणारा फ्रेंच अवतार म्हणजे हे नाव, ही व्युत्पत्ती अधिक पटण्याजोगी आहे. फ्लॉरिडात याच माशाला ‘स्पेकल्ड पर्च’ म्हणतात. वास्तविक पर्च हा वेगळा मासा असून त्याच्या कुलात क्रॅपी मोडत नाही.

दोन जाती रंगावरून ओळखणे फसवे ठरते. पांढऱ्याच्या अंगावर उभे पट्टे व काळ्याच्या अंगावर विस्कळीत ठिपके असतात खरे. पण विणीच्या काळात पांढऱ्याचा नरही डोक्याकडून काळवंडतो. म्हणून पाठीवरच्या पराचे (पोहण्याच्या कल्ल्यासारख्या पडद्याचे, इं. फिन) काटे मोजावेत : पांढऱ्याला बहुधा ५-६, काळ्याला ७-८. दोन्हींचा संकरही निसर्गात होतो.

वसंतात पाणी साधारण १३° से.च्या वर गेले की मासे उथळ पाण्याकडे सरकतात आणि १६° ते २०° से.च्या सुमारास अंडी घालतात. घरट्याची राखण नर करतो. सुरुवात करण्यास हा हंगाम सर्वांत सोपा. एरवी ते बुडालेल्या झाडाझुडपांच्या किंवा धक्क्याच्या खांबांच्या आडोशाला राहतात. काही ठिकाणी नाताळची जुनी झाडे मुद्दाम तळाशी सोडून असा आडोसा तयार करतात. टेनेसीतील रीलफूट तळे बुडालेल्या झाडांच्या खुंटांसाठी प्रसिद्ध आहे. १८११-१२ च्या भूकंपांत जमीन खचून ते बनले.

हलकी काठी, ४ ते ६ पौंड ताकदीचे तंगूस (गळाची दोरी), बारीक तारेचा गळ, शिशाचा मणी व पाण्यावर तरंगणारा बॉबर एवढ्यावर काम भागते. आमिष म्हणून मिनो हा जिवंत छोटा मासा किंवा जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा व पिसांची अथवा मऊ प्लॅस्टिकची शेपटी असलेला गळ, वापरतात. १/१६ औंसाचा (सु. १.८ ग्रॅ.) जिग पुष्कळांना पुरतो. गळाची तार बारीक घेण्यामागे हिशेब आहे : झुडपात अडकल्यास ती ओढून सरळ होते आणि तंगूस तुटत नाही.

क्रॅपी सहसा वरच्या बाजूचे भक्ष्य टिपतो, म्हणून आमिष थव्याच्या किंचित वर टांगावे. तो आमिष तोंडात घेऊन वर उठला की दोरीवरचा भार जातो आणि उभा बॉबर बुडण्याऐवजी आडवा पडतो. नवखा माणूस नेमका याच क्षणी बॉबर बुडण्याची वाट पाहत राहतो. झटका मात्र देऊ नये. तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ असते (इंग्रजी बोलीत त्याला ‘पेपरमाउथ’ही म्हणतात) व गळ फाटून निघतो. काठी अलगद उचलून दोरी ताणलेली ठेवावी आणि मासा जवळ आल्यावर त्याला जाळीत घ्यावे.

परवाना, किमान लांबी व दिवसाची मर्यादा राज्यागणिक, कित्येकदा जलाशयागणिक बदलते. लांबी १० इंच (सु. २५ सेंमी.) ही अट अनेक ठिकाणी आढळते. खोल पाण्यातून वर काढलेल्या माशाचा वाताशय (पोटातील हवेची पिशवी) फुगतो आणि सोडून दिला तरी तो बहुधा जगत नाही. म्हणून टेक्सासमधील लेक फोर्क या जलाशयासाठी हिवाळ्यात, म्हणजे मासे खोल पाण्यात असताना, लांबीची अट न ठेवता, पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवून घेण्याचा नियम केला आहे.