कुत्रं चावल्यावरची लस वेगळी अन् सिरम वेगळं

वावरात जाता-येता कुत्रं चावलं की दवाखान्यात दोन वेगळ्या गोष्टी टोचतात, पण आपल्याकडे दोन्हीला एकच नाव, रेबीजचं इंजेक्शन. त्यामुळे होतं काय, पीएचसीत दंडावर एक टोचलं की माणूस घरी येतो अन् सिरमसाठी जिल्ह्याला जा म्हटलं की म्हणतो, घेतलं ना एक, आता सोयाबीन काढू का फिरत बसू. बाप्पा, असं नका करू, रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही.

दंडावरची ती लस. तिच्यात मेलेला विषाणू असतो, त्यानं रोग होत नाही, पण शरीरातल्या 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात, अँटीबॉडी म्हणजे विषाणूला धरून निकामी करणारी प्रथिनं बनवायला लागतात अन् त्या पेशींतल्या काही मेमरी सेल, म्हणजे आठवण ठेवणाऱ्या पेशी, होऊन वर्षानुवर्षं टिकतात. फक्त पहिल्यांदा याला ७ ते १४ दिवस लागतात, अन् तोवर विषाणू जखमेतून नसेत (रक्ताच्या नाही, मज्जातंतूच्या) शिरून मेंदूकडे निघू शकतो.

ते मधले दिवस सिरम सांभाळतं. त्यात घोड्याच्या नाहीतर माणसाच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटीबॉडी असतात, म्हणून ते जखमेतच, कडेकडेनं टोचतात, विषाणू असतो तिथंच. बोटाला चावलं असेल तर लय दुखतं, तरी घ्याच. चावून रक्त निघालं असेल तर लसीसोबत हे लागतंच, अन् उशीर झालाच तर पहिल्या लसीपासून ७ दिवसांच्या आत, नंतर शरीराच्या स्वतःच्या अँटीबॉडी येतात. पण सिरम म्हणजे उसनी बैलजोडी, काम झालं की गेली, शरीर त्यातून काही शिकत नाही. म्हणून सिरम घेतलं तरी लसीचे डोस सोडायचे नाहीत, स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी, कातडीत असेल तर ०, ३, ७, २८.

(अन् जखमेला तिखट, चुना लावू नका, आधी साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवा.)

पूर्ण कोर्स झालेल्याला पुढं कधी पुन्हा चावलं तर ० अन् ३ व्या दिवशी दोनच डोस पुरतात, सिरम लागत नाही, कारण मेमरी सेल लगेच कामाला लागतात. म्हणून कार्ड जपून ठेवा.

सापावरचं इंजेक्शनही सिरमच, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर घोड्यात बनवलेलं. त्याचीही आठवण राहत नाही, मागच्या पावसाळ्यात घेतलं असलं तरी यंदा चावला तर आधी दवाखाना गाठायचा.