‘मोफत’ या शब्दाचा काय गुन्हा?

अप्पा बळवंत चौकात माझ्या मित्राचं पुस्तकांचं दुकान आहे. दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलंय, ईमेलही त्यावरच. मे महिन्यात फालतू मेल, म्हणजे स्पॅम, फार वाढले, तेव्हा त्यानं सीपॅनेलमध्ये (वेबसाइट आणि ईमेल सांभाळणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या सेटिंगच्या पानावर) एक फिल्टर टाकला: ‘मोफत’ शब्द दिसला की मेल थेट रद्द. जूनमध्ये भोरच्या एका शाळेतून फोन आला, “सर, आमच्या मेलचं उत्तर नाही आलं?” मेलमध्ये एवढंच होतं: ‘इयत्ता आठवीच्या संचाची एक मोफत नमुना प्रत मिळेल का?’ तोवर शाळेनं ऑर्डर दुसरीकडे देऊन टाकली होती.

स्पॅम फिल्टर म्हणजे वाईट शब्दांची यादी, असं बहुतेकांना वाटतं. पण ‘मोफत’ हा शब्द चोराच्या तोंडी असतो तसा सावाच्याही.

यावरची युक्ती अठराव्या शतकातली आहे आणि मला ती फार आवडते. थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. नवा पुरावा हाती आल्यावर आपला आधीचा अंदाज किती बदलायचा, याचं गणित त्यात आहे. २००२ मध्ये प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे हे गणित स्पॅमसाठी लोकप्रिय झालं.

समजा, दुकानाचे जुने १००० मेल आपण हातानं वेगळे केले: ६०० स्पॅम, ४०० कामाचे. ‘मोफत’ स्पॅमपैकी २४० मेलमध्ये आहे, म्हणजे ४० टक्के. कामाच्या मेलपैकी २० मध्ये, म्हणजे ५ टक्के. गुणोत्तर ८. शब्द संशयास्पद खराच. आता ‘इयत्ता’ घ्या. स्पॅममध्ये ३ वेळा, म्हणजे अर्धा टक्का. कामाच्या मेलमध्ये १००, म्हणजे २५ टक्के. गुणोत्तर १/५०. ‘सवलत’ दोन्हीकडे ३० टक्के असेल, तर गुणोत्तर १: पुस्तकाच्या दुकानात तो शब्द काहीच सांगत नाही.

आता शाळेचा मेल तपासू. सुरुवातीचं प्रमाण ६०० ला ४००, म्हणजे १.५. त्याला ८ नं गुणा, ५० नं भागा. उत्तर ०.२४. म्हणजे स्पॅम असण्याची शक्यता ०.२४ भागिले १.२४, साधारण १९ टक्के. एका ‘इयत्ता’नं ‘मोफत’ला सोडवून आणलं! दागिन्यांच्या दुकानात हेच आकडे वेगळे येतील, म्हणूनच हा फिल्टर ज्याच्या त्याच्या टपालावर शिकतो.

यात एक गृहीतक चुकीचं आहे. शब्द एकमेकांपासून स्वतंत्र येतात असं आपण धरलं; पण ‘मोफत’ आणि ‘ऑफर’ जोडीनंच फिरतात, त्यामुळे एकच पुरावा दोनदा मोजला जातो. टक्केवारी टोकाला जाते, तरी स्पॅम की नाही हा निकाल बहुधा बरोबर येतो. शिवाय एखादा शब्द एका गटात शून्य वेळा आला, तर त्या गटाचा सगळा गुणाकारच शून्य होतो, म्हणून मोजणीत थोडी भर घालावी लागते.

सीपॅनेलमधल्या ‘स्पॅम फिल्टर्स’मागे असतो स्पॅमअसॅसिन हा प्रोग्रॅम. तो बेझच्या टक्केवारीचे गुण देतो (कामाच्या वाटलेल्या मेलला उणे गुण), त्यात इतर नियमांचे गुण मिळवतो आणि बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरवतो. त्याचा बेझचा भाग २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय मूळ मांडणीत सुरूच होत नाही. शिकवायची सोय तुमच्या होस्टिंगवर आहे का, ते विचारून घ्या.

मित्राकडे आम्ही उंबरठा ५ वरच ठेवला. तो ३ केला तर स्पॅम कमी येतं, पण चांगले मेलही जास्त अडकतात. ही देवघेव कुणालाच चुकत नाही. ‘एआय लावलंय, स्पॅम शंभर टक्के बंद’ असं सांगणारा तुम्हाला फसवतोय. आपोआप पुसून टाकणं बंद केलं, ‘स्पॅम बॉक्स’ (स्पॅम ठरलेले मेल वेगळे साठवणारा कप्पा) चालू केला आणि ‘मोफत’चा फिल्टर काढून टाकला. स्वतःचं डोमेन मात्र विश्वासू यादीत घालू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिणं सोपं असतं, आणि तुमच्याच नावानं आलेलं स्पॅम मग सरळ इनबॉक्समध्ये येतं. मित्र आता दर शनिवारी दुकान उघडल्यावर आधी स्पॅम बॉक्स चाळतो. पहिल्याच शनिवारी त्यात एका वाचनालयाची मागणी सापडली.