टॅरंटुलाची वीण आणि कातीचा हिशेब

टॅरंटुला म्हणजे मोठा केसाळ कोळी, हौशी लोक तो पाळतात. त्याची जोडी लावायची तर पहिला प्रश्न असतो: मादीने शेवटची कात कधी टाकली? मादीच्या पोटात शुक्राणू साठवायच्या पिशव्या असतात. कात टाकताना त्यांचं अस्तरही निघून जातं आणि साठवलेले शुक्राणू त्याच्यासोबत. समागमानंतर अंडी घालण्याआधी तिने कात टाकली, की सगळं मुसळ केरात. म्हणून कात टाकून फार दिवस न झालेली, पण पुन्हा टणक होऊन पोटभर खाल्लेली मादी निवडतात.

नर-मादी ओळखायलाही कातच कामी येते. वाळलेली कात साबणाच्या पाण्यात मऊ करायची, पोटाकडचा चुरगळलेला भाग हळूच उलगडायचा आणि पुढच्या दोन पुस्तकी फुप्फुसांच्या (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेल्या श्वसनेंद्रियांच्या) पांढुरक्या खुणांमध्ये भिंगातून पाहायचं. तिथे खिशासारखी घडी दिसली तर मादी.

नर वयात येतो तो सहसा शेवटची कात टाकूनच. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं फुगतात, बऱ्याच जातींत पुढच्या पायांना आकडेही येतात. मग तो एक जाळं विणतो, त्यावर शुक्राणूंचा थेंब सोडतो आणि तो त्या फुगीर टोकांत शोषून घेतो. मादीच्या बिळाशी जाऊन तो पायांनी ठोके देतो. ती सुळे उघडून उभी राहिली की ते आकड्यांत अडकवून धरायचे, आणि काम उरकताच पळ काढायचा! नराला खाणारी मादी ही ख्याती मला जरा फुगवलेली वाटते. पोट भरलेली मादी बरेचदा त्याला जाऊ देते. तरी पाळणारे लांब चिमटा हाताशी ठेवतात.

पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मादी अंड्यांभोवती रेशमाची पिशवी विणते. ती पिशवी ती जवळ धरून बसते, अधूनमधून फिरवते. फार त्रास दिला तर खाऊनही टाकते. म्हणून काहीजण साधारण महिन्याभराने पिशवी काढून घेतात आणि आतला ऐवज उबदार, दमट डब्यात कापडाच्या झोळीवर ठेवतात. बुरशी लागलेलं अंडं दिसलं की लगेच वेचायचं, नाहीतर शेजारचीही जातात. जातीनुसार पिल्लं शंभराच्या आत असतात किंवा हजाराच्याही वर.

सुरुवातीला पिल्लू म्हणजे पाय फुटलेलं अंडंच. ते काही खात नाही, पोटातल्या बलकावर जगतं. आणखी कात टाकल्यावर ते शिकार करू लागतं, आणि बहुतेक जातींत पहिली शिकार शेजारचं भावंडच ठरू शकतं. म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी, एका कोपऱ्यात ओल, आणि खायला न उडणाऱ्या फळमाश्या किंवा मारलेल्या रातकिड्याची तंगडी. पिल्लाने खाणं सोडलं, पोट गडद झालं, की कात जवळ आली समजायचं. तेव्हा डबीत जिवंत किडा राहू देऊ नये. ताज्या कातीतलं मऊ पिल्लू तोच कुरतडतो.

एकाच पिशवीतले भाऊ बहिणींच्या बरेच आधी वयात येतात आणि बहुधा त्या तयार होण्याआधीच मरतात. काही जातींच्या माद्या 20 वर्षांहून अधिक जगतात, वयात आलेल्या नराच्या हाती मात्र सहसा काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं. त्यामुळे नर उसना मागवण्याची रीत पडली आहे. बदल्यात पिल्लांचा ठरलेला वाटा, बऱ्याचदा निम्मा, नराच्या मालकाला जातो.