तळं एक, पाणी वेगवेगळं

भर उन्हाळ्यात खोल शेततळ्याच्या तळाशी दोरीने बाटली सोडून पाणी काढलं, तर ते वरकरणी अगदी नितळ दिसू शकतं. नाकाजवळ नेलं की मात्र सडक्या अंड्याचा वास येतो, आणि बाटली उघडी ठेवली की हळूहळू तांबूस झाक येऊन तळाशी गंजासारखा साका बसतो.

उन्हाने वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तसंच राहतं. हे थर सहसा मिसळत नाहीत. तळाशी पालापाचोळा कुजवणारे जीवाणू होता नव्हता तेवढा ऑक्सिजन संपवतात. त्यामुळे गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळतं. पंपाने हे पाणी उचललं, त्याला हवा लागली, की लोह पुन्हा घट्ट होतं. ठिबकच्या ड्रिपरमधली वाट जेमतेम मिलिमीटरभर, ती बुजते. फिल्टर कितीही धुतला तरी फरक पडत नाही, कारण विरघळलेलं लोह त्यातून सहज निसटतं.

म्हणून सक्शन पाइप, म्हणजे पंपाचा पाणी ओढणारा पाइप, तळाशी टेकवून ठेवणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. रिकाम्या पिंपाला बांधून तो पृष्ठभागाखाली साधारण अर्धा मीटर तरंगता ठेवावा. अगदी वर नको, तिथं शेवाळ असतं.

शेवाळाचं आणखी एक आहे. दिवसभर ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे हिरव्यागार तळ्याचा सामू (पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, pH) दुपारनंतर ९ च्याही वर जातो आणि रात्रीतून उतरतो. सामू ७.५ च्या वर चढत जाईल तसा पाणी निर्जंतुक करायला घातलेल्या क्लोरीनचा मारा बोथट होतो. सकाळी लागू पडणारी मात्रा दुपारी वाया जाते ती यामुळे.

शेतातून निचरलेलं पाणी पुन्हा तळ्यात घेत असाल, तर क्षारांवर नजर हवीच. बाष्पीभवनात पाणी उडतं, क्षार मागे राहतात. निम्मं पाणी उडालं की त्यांचं प्रमाण दुप्पट. क्षार जितके जास्त तितकी पाण्यातून वीज सहज वाहते. ही विद्युत वाहकता ०.७ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर सहसा चिंता नसते, ३ च्या पुढे मात्र बहुतेक पिकं सोसत नाहीत.

निचऱ्यासोबत मूळकुजीच्या बुरशीचे पोहणारे बीजाणूही येतात. परतीचा पाइप सक्शनपासून शक्य तितक्या लांब, दुसऱ्या टोकाला सोडावा. तेवढं अंतर कापेपर्यंत गाळ खाली बसतो आणि बरेचसे बीजाणूही वाटेत मरतात.