लॅब्राडॉर लंगडतोय? खुब्याआधी गुडघा तपासा

लॅब्राडॉर मागच्या पायाने लंगडायला लागला की कुत्रा पाळणाऱ्या सगळ्यांचं निदान तयार असतं: हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याच्या सांध्याचा आजार. कुत्रा सात महिन्यांचा असो की सात वर्षांचा, महिनोन्‌महिने हळूहळू लंगडत असो की कालच चेंडूमागे धावता धावता पाय उचलून उभा राहिलेला असो, उत्तर बदलत नाही. मग सांध्यांच्या गोळ्या, तेलं, मालिश सुरू होतं आणि खरा दुखरा सांधा दोन-तीन महिने तसाच झिजत राहतो. प्रौढ लॅबचा एक मागचा पाय अचानक लंगडायला लागला, तर पहिला संशय खुब्यावर नाही, गुडघ्यातल्या क्रुशिएट लिगामेंटवर, म्हणजे हाडं जागेवर धरणाऱ्या पट्ट्यावर घ्यायचा असतो.

हिप डिस्प्लेशिया बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. खुब्याच्या उखळीच्या सांध्यात खोबण उथळ राहते, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात सैल हलतो आणि पुढे संधिवात होतो. आजार आनुवंशिक आहे, पण वाढीच्या काळातलं जास्तीचं वजन त्याला खतपाणी घालतं. लक्षणं साधारण पाचव्या महिन्यापासून वर्षाच्या आत दिसतात, नाहीतर थेट उतारवयात. दोन्ही मागचे पाय एकत्र टाकत सशासारखं पळणं, उठताना कुरकुरणं, जिना टाळणं. आई-वडिलांच्या खुब्यांच्या तपासणीचा अहवाल न दाखवणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून पिल्लाला वरून कॅल्शियम चारणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं की थांबा. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या संतुलित खाद्यात ते पुरेसं असतं, आणि जास्तीचं कॅल्शियम अडवण्याची सोय लहान पिल्लाच्या आतड्यात नसते. त्याने हाडांची वाढ बिघडते.

आता गुडघा. कुत्र्याचा गुडघा कुठे असतो, इथूनच गोंधळ सुरू होतो. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, ती टाच. गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेला केसांत आणि स्नायूंत दडलेला असतो. मांडीच्या हाडाखाली नडगीचं हाड पुढे सरकू नये म्हणून या गुडघ्यात जो पट्टा असतो, तो क्रुशिएट लिगामेंट. खेळाडूंच्या बाबतीत ‘एसीएल गेलं’ म्हणतात, तोच हा. फरक इतकाच की खेळाडूचं लिगामेंट बहुधा एका झटक्यात तुटतं, कुत्र्याचं कित्येक महिने आतून विरत जातं. चेंडूमागची ती उडी फक्त शेवटचा धागा तोडते. म्हणून ‘काही पडला-बिडला नाही, मग लिगामेंट कसं जाईल?’ या प्रश्नाला अर्थ नाही.

दोन्ही आजारांत मांडी बारीक होते, दोन्हींत संधिवात होतो, दोन्ही वजनाने बळावतात. ही साम्यं सोडून द्या. खरी फसगत तपासणीच्या टेबलावर होते, आणि तीही दोन प्रकारे.

पहिली एक्स-रेची. खुब्यांचा एक्स-रे काढला, खुबे खराब दिसले, की कारण सापडलं असं वाटतं. पण लॅब्राडॉरमध्ये खराब खुबे इतके सर्रास आढळतात की ते दिसणं हा काही पुरावा नव्हे. एक्स-रेत वाईट दिसणारे खुबे घेऊन मजेत पळणारे कुत्रे भरपूर असतात. सहा वर्षं त्याच खुब्यांवर पळणारा कुत्रा मंगळवारी संध्याकाळी अचानक तीन पायांवर का आला, याचं उत्तर त्या फिल्ममध्ये नसतं. शिवाय खुबे बहुधा दोन्ही बाजूंचे दुखतात. असा कुत्रा एकच पाय उचलून धरत नाही, वजन पुढच्या पायांवर टाकतो. उलट लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही. दिसते ती गुडघ्यात साठलेल्या द्रवाची सावली आणि हाडांच्या कडांना आलेली वाढ, तीही गुडघ्याचा एक्स-रे काढला तर. खुब्यांच्या फिल्मवरून गुडघ्याला निर्दोष ठरवणं मला अजिबात पटत नाही.

दुसरी फसगत हाताची. पाय मागे ओढला, कुत्रा कळवळला, म्हणजे खुबा दुखतो, असं मानलं जातं. पण पंजा धरून अख्खा पाय मागे ओढला की खुब्याबरोबर गुडघाही ताणला जातो. कळ कुठली ते कळणार कसं? म्हणून गुडघा वाकलेलाच ठेवून, फक्त मांडी धरून खुबा मागे न्यायचा. तेव्हा कुत्रा गप्प राहिला आणि गुडघा सरळ करताना कळवळला, तर रोख स्पष्ट आहे. त्यानंतर ड्रॉवर टेस्ट: मांडीचं हाड घट्ट धरून नडगी पुढे सरकते का ते पाहणं. ताठरलेल्या तीस किलोच्या लॅबवर ती धड होत नाही, गुंगी द्यावी लागते. लिगामेंट अर्धवट तुटलेलं असेल किंवा दुखणं जुनं असेल, तर नडगी सरकतही नाही. त्यामुळे एकदा ‘निगेटिव्ह’ आली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नये.

घरी पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. कुत्रा बसताना एक मागचा पाय पोटाखाली न दुमडता बाजूला फेकतो का? उभा असताना त्या पायाची फक्त बोटं टेकवतो का? गुडघ्याच्या आतल्या अंगाला टणक फुगवटा लागतो का? विश्रांतीने बरा होऊन फिरायला नेल्यावर पुन्हा लंगडतो का? अर्धवट तुटलेल्या लिगामेंटची ही जुनी खोड आहे. आणि तोवर घरातली माणसांची वेदनाशामकं देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंडं निकामी करतं.

फरक ओळखायचा कारण उपचार वेगळे. खुब्याच्या संधिवातात बहुसंख्य कुत्री वजन, बेताचा व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं यांवर वर्षानुवर्षं चांगली जगतात, शस्त्रक्रिया मोजक्यांनाच लागते. लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तर लहानखुऱ्या कुत्र्याला एकवेळ विश्रांतीने निभावतं, लॅबला सहसा नाही. पाऊल टेकताच नडगी पुढे घसरते आणि मधली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाते. नडगीचा माथा कापून, फिरवून त्याचा उतार कमी करणारी टीपीएलओ शस्त्रक्रिया मोठ्या कुत्र्यांसाठी मला सर्वात भरवशाची वाटते. नंतरचे आठ-दहा आठवडे पट्ट्यावरच फिरवायचं असतं, आणि मालकांचा धीर तिथेच सुटतो.

यातलं काहीही थेट जीवघेणं नाही, तरी आयुष्याशी संबंध आहे. ब्रिटनमधल्या लॅब्राडॉरच्या दवाखान्यांतील नोंदींवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचं मध्यक आयुर्मान 12 वर्षं निघालं, आणि मृत्यूच्या प्रमुख कारणांत कर्करोगाच्या जोडीला हाडा-सांध्यांचे विकार होते. उठता येत नाही म्हणून निरोप दिलेली कुत्री त्यातच मोजली जातात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात 48 लॅब्राडॉरच्या 24 जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला जन्मभर 25 टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे मध्यकाने 13 वर्षं जगले, दुसरे 11.2, आणि सडपातळांचा संधिवातही उशिरा आला. ‘लॅब म्हटलं की गुबगुबीतच’ हे कौतुक म्हणूनच मला खटकतं. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात.

एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचा दुसराही पुढे जातो. तेव्हा दोन्ही पाय एकदम दुखतात, कुत्रा उठायला कुरकुरतो, सशासारखा पळतो, आणि चित्र हुबेहूब हिप डिस्प्लेशियाचं दिसतं.