गाठ हाताला लागली, तारीख मात्र लांबची: मधल्या दिवसांचं काय?

आधी एक आकडा, कारण घाबरलेल्या बाईला सगळ्यात आधी तोच ऐकायचा असतो. स्तनात हाताला लागणाऱ्या दहा गाठींपैकी साधारण आठ-नऊ गाठी कॅन्सरच्या निघत नाहीत. विशी-तिशीत बहुतेक वेळा फायब्रोॲडेनोमा असतो, बोटाखाली इकडून तिकडे सरकणारी गुळगुळीत गाठ, चाळिशीच्या आसपास पाण्याची गाठ म्हणजे सिस्ट कॉमन, अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साठून किंवा पू होऊन गाठ येते, आणि पाळीच्या आधी तर कित्येकींना गाठीगाठी लागतातच. वय वाढतं तसं हे प्रमाण बदलतं, पन्नाशीनंतर नव्याने लागलेल्या गाठीत कॅन्सर निघायची शक्यता बरीच जास्त. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधी गाठतो, त्यामुळे "माझं वयच काय" हेही म्हणून चालत नाही.

पण हा आकडा कितीही चांगला असला तरी रात्री झोप लावत नाही. ठाण्यातल्या फॅमिली डॉक्टरने सोनोग्राफी लिहून दिली, सेंटरवाले म्हणाले पुढच्या आठवड्याचा नंबर आहे, मग रिपोर्ट, मग सर्जन, मग बायॉप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, मग परत रिपोर्ट. या प्रत्येक दोन टप्प्यांच्या मध्ये बाई घरी डबे भरते, ट्रेन पकडते आणि डोक्यात एकच चालू असतं. तिला सगळे सांगतात की उगाच टेन्शन घेऊ नको. मला हे वाक्य अजिबात पटत नाही, कारण ते टेन्शन उगाच नसतं, ते मोजता येतं.

२००९ मध्ये रेडिओलॉजी या जर्नलमध्ये एक अमेरिकन अभ्यास आला. स्तनाची बायॉप्सी झालेल्या १२६ बायकांची लाळ दिवसातून अनेक वेळा घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन, एरवी ते सकाळी चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. बायॉप्सीनंतर पाचव्या दिवशी काहींना कॅन्सर नाही असं कळलं होतं, काहींना आहे असं कळलं होतं, आणि ७३ जणींना अजून काहीच पक्कं कळलेलं नव्हतं. या काहीच न कळलेल्या बायकांच्या कॉर्टिसॉलचा चढउतार बघितला तर तो कॅन्सर आहे असं कळलेल्या बायकांसारखाच बिघडलेला होता. म्हणजे उत्तर न मिळणं शरीराला वाईट उत्तर मिळाल्याइतकंच जड जात होतं.

असं का होतं याचा थोडा अंदाज लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१६ च्या प्रयोगातून येतो. ४५ जणांना कॉम्प्युटरवर दगड दाखवले, त्याखाली साप आहे का ते ओळखायचं, आणि साप असला की हाताला दुखेल असा विजेचा झटका. घाम आणि डोळ्याच्या बाहुल्या मोजल्या तेव्हा ताण सगळ्यात जास्त कधी होता, तर झटका बसणारच हे नक्की होतं तेव्हा नाही, पन्नास-पन्नास टक्के चान्स होता तेव्हा. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो आणि अंदाजच लागत नसेल तर तो अलार्म बंदच करत नाही. त्यामुळे तुम्हाला भाजी चिरताना मध्येच धडधडत असेल, कोणी काही विचारलं तर दोनदा ऐकावं लागत असेल, तर तुम्ही कमकुवत नाही, ही शरीराची नेहमीची रिॲक्शन आहे.

आता दुसरी बाजू, गाठ त्या दिवसांत काय करते. समजा ती कॅन्सरचीच आहे. कॅन्सरच्या पेशी दुप्पट होत वाढतात, दुप्पट व्हायला लागणारा काळ प्रत्येक गाठीचा वेगळा, काहींचा काही आठवडे, काहींचा वर्षाच्या आसपास, पण स्तनाच्या बऱ्याच गाठींचा तीन ते सहा महिन्यांच्या घरात येतो. उदाहरणासाठी चार महिने धरू. गाठ २ सेंटिमीटरची असेल तर पंधरा दिवसांत तिचं आकारमान नऊ टक्क्यांच्या आसपास वाढेल, व्यास मात्र फक्त अर्धा मिलिमीटर. आणि हीच गाठ सहा महिने तशीच ठेवली तर आकारमान जवळपास तिप्पट आणि व्यास २.८ सेंटिमीटर, म्हणजे स्टेज ठरवताना २ सेंटिमीटरची जी रेघ असते ती ओलांडून पुढे, आणि तोवर काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) पोचायची संधीही तिला मिळालेली. शिवाय हाताला लागण्याआधी ती गाठ बहुतेक वेळा काही वर्षं आत वाढतच असते. गेल्या बुधवारी नंबर मिळाला नाही आणि पुढच्या बुधवारी मिळाला, एवढ्याने नशीब फिरत नाही.

महिन्यांनी मात्र फिरतं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितले होते. लक्षण दिसल्यापासून उपचारापर्यंत तीन महिने किंवा जास्त उशीर झालेल्या बायकांमध्ये पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी होतं, आणि तीन ते सहा महिने उशीर झालेल्यांमध्येही ७ टक्क्यांनी कमी. जागतिक आरोग्य संघटनाही आता म्हणते की बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हायला हवं. इंग्लंडमध्ये तर कॅन्सर आहे की नाही हे २८ दिवसांत सांगायचं असं टार्गेट आहे. आपल्याकडे पेशंटच्या हातात असा नियम नाही, म्हणून मी म्हणते की तो आपणच लावून घ्यायचा. दिवसांच्या उशिराने जीव टांगणीला लावायचा नाही आणि महिन्यांचा उशीर होऊ द्यायचा नाही, आणि या दोन्हीसाठी एकच गोष्ट उपयोगी पडते, प्रत्येक टप्प्याला तारीख लावणं.

कारण महिने एकदम जात नाहीत, ते तुकड्यातुकड्याने जातात. पहिला तुकडा घरातला आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात मोठा. दुखत नाही ना, मग असू दे. खरं तर कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, आपल्या बायका दुखण्याची वाट बघतात आणि तिथेच वेळ जातो. मग गणपती आले, गणपती झाले की नवरात्र, मग दिवाळी, मुलाची दहावी, नणंदेचं लग्न. घरात कोणाला सांगायचं हाही प्रश्न, सासूबाईंना कसं सांगणार, आणि पुरुष डॉक्टर असला तर. पाळी चालू असलेल्या तरुण बाईला पाळीआधी गाठ लागली आणि बाकी काहीच लक्षण नसेल तर एक पाळी होऊन जाईपर्यंत थांबणं ठीक आहे. एकच. पाळी झाल्यावरही गाठ तिथेच असेल तर दाखवायची. पाळी बंद झालेल्या बाईने तेवढंही थांबायचं नाही.

काही लक्षणं असतील तर नंबर घेताना फोनवरच स्पष्ट सांगा: गाठ कडक आणि एका जागी चिकटल्यासारखी आहे, कातडीला खळी पडते किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसते, निप्पल नव्याने आत ओढलं गेलंय, एकाच बाजूने रक्तासारखं पाणी येतंय, काखेत गाठ आहे. "छातीत जरा प्रॉब्लेम आहे" असं म्हटलं की रिसेप्शनवरची मुलगी पुढची मोकळी तारीख देते, तिचा काय दोष, हेच नीट सांगितलं तर बऱ्याचदा आधीची मिळते. कोणी कॅन्सल केलं तर मला फोन करा हेही सांगून ठेवा. आणि स्तन थोड्या दिवसांत लाल, गरम, सुजलेलं झालं आणि अँटिबायोटिकने उतरलं नाही तर मी वर दिलेलं निवांत गणित विसरा, तो एक वेगाने वाढणारा प्रकार असू शकतो, त्याच आठवड्यात सर्जनकडे जायचं.

दुसरा तुकडा पहिल्या डॉक्टरकडचा. हात न लावता "हार्मोनल आहे, गोळ्या लिहून देतो" असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा, अगदी त्याच दिवशी. हाताने तपासण्याला कमी समजू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं एक अभ्यास केला, त्यात अर्ध्या बायकांची दर दोन वर्षांनी ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका फक्त हाताने स्तन तपासणी करायच्या, मॅमोग्राफी नाही काही नाही. २०२१ मध्ये निकाल आला, त्या बायकांचे कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. हे आपल्या शेजारच्या शहरात झालंय, म्हणून मला ते फार महत्त्वाचं वाटतं. लेप, शेक, जडीबुटी यात घालवलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.

तिसरा तुकडा असा की तो कोणाच्याच लक्षात येत नाही. माझ्या ओळखीतल्या ऐरोलीच्या एका ताईंची सोनोग्राफी झाली, रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली, खाली लिहिलेलं बी-रॅड्स ४ए, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते ते सांगणारा आकडा. ताईंना वाटलं काही असेल तर डॉक्टर फोन करतील, डॉक्टरांना वाटलं पेशंट रिपोर्ट घेऊन येईल. कोणीच काही चुकीचं केलं नाही आणि आठवडेच्या आठवडे गेले, ताई रोज रात्री ती पीडीएफ उघडून बघायच्या, शेवटी त्यांच्या सुनेने विचारलं की आई हे काय बघता तुम्ही. बायॉप्सीत साधा फायब्रोॲडेनोमा निघाला, पण तेवढे दिवस त्या बाईने जे काढलं ते काढलंच. म्हणून बी-रॅड्सचा आकडा वाचता यायला हवा. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे साधी गाठ, ३ म्हणजे बहुतेक साधीच, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, ४ म्हणजे बायॉप्सी करा, पण हे ४ फार पसरट आहे, ४ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के आणि ४सी मध्ये ५० ते ९५. ५ म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर. आणि ० बघून घाबरू नका, त्याचा अर्थ अजून एखादी तपासणी करून मग सांगतो. ४ किंवा ५ दिसला की डॉक्टरच्या फोनची वाट न बघता आपण जायचं.

बायॉप्सीच्या रिपोर्टला लागणारे दिवस मात्र बरेचसे खरोखरच लागतात. जागा बधिर करून स्प्रिंगच्या सुईने टक असा आवाज करत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे लांब असे बारीक तुकडे काढतात आणि फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात. तिथे ते किमान सहा तास मुरावे लागतात, नाहीतर पुढच्या टेस्ट चुकू शकतात. मग मशीनमध्ये त्यातलं पाणी काढून मेण भरतात, हे बहुतेक रात्रभर चालतं, त्याचा ब्लॉक बनतो, ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात, रंगवतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतो. कॅन्सर दिसला तर ईआर, पीआर, हर-टू या, गाठ कुठल्या हार्मोनवर किंवा प्रथिनावर वाढते ते सांगणाऱ्या टेस्टसाठी अजून काही दिवस, कारण कुठलं औषध चालेल ते त्यावरून ठरतं. म्हणून बाटली दिली त्याच दिवशी विचारायचं की रिपोर्ट कुठल्या तारखेला, कोणाकडे येणार, आणि त्या तारखेला नाही आला तर मी कोणत्या नंबरवर फोन करू. बाटलीवरचं नाव आणि आपला मोबाईल नंबर बरोबर लिहिलाय ना तेही बघून घ्या. आणि सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती घरोघरी आहे, त्या भीतीपायी बायका बायॉप्सीच लांबवतात. सुईच्या बायॉप्सीने पेशंटचं आयुष्य कमी होतं असं अभ्यासात दिसलेलं नाही.

मग तारीख लागली, आता तोपर्यंत करायचं काय. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या युनिव्हर्सिटीत केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ वाट बघण्यावरच संशोधन करतात. वकिलीची परीक्षा दिलेल्या मुलांना निकालासाठी चार महिने थांबावं लागतं, त्यांना त्या काळात पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. विचारच करायचा नाही, किंवा सगळं चांगलंच होईल असं मनाला बजावायचं, या युक्त्यांनी काळजी फारशी कमी झाली नाही. उलट ज्यांनी काळजी करत दिवस काढले त्यांनी निकाल जास्त नीट पचवला. त्यांच्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात एक गोष्ट उपयोगी दिसली, ज्यात माणूस पूर्ण बुडून जातो असं काम. टीव्ही समोर चालू असतो आणि डोकं दुसरीकडे, तसं नाही, हात आणि डोकं दोन्ही लागतील असं काहीतरी, शिवण, रांगोळी, हिशोब, गाण्याचा रियाज, जे तुमचं असेल ते.

दिवसातून दहा वेळा गाठ दाबून बघू नका, दाबून दाबून ती जागा दुखायला लागते आणि वाढली की काय असं वाटतं, तेवढा फरक बोटांना कळतच नाही. रात्री एक वाजता मोबाईलवर शोधू नका, त्याऐवजी प्रश्न वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरकडे न्या. घरात सगळ्यांना नाही पण एका माणसाला सांगा, बहीण, मैत्रीण, नवरा, जो फोनही करेल आणि सोबतही येईल, कारण आत डॉक्टर काय म्हणाले ते घाबरलेल्या माणसाला अर्धंच आठवतं.

जायचं कुठे हाही वेळ खाणारा प्रश्न. ठाण्यात महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका हॉस्पिटल, टाटाचं खारघरला ॲक्ट्रेक आणि परळला मुख्य हॉस्पिटल. पुढे मोठ्या हॉस्पिटलला जायची वेळ आली तर बाहेर केलेल्या बायॉप्सीचा नुसता कागद पुरत नाही, स्लाइड आणि ब्लॉकही मागतात, ते लॅबकडून आधीच घेऊन ठेवले की एक फेरी वाचते. कॅन्सर निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला आधीच भेटून या, पण गाठीच्या सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च अनेकदा खिशातूनच करावा लागतो, त्याची सोय आधी बघा.

आणि बी-रॅड्स ३ आला आणि डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी या, तर त्याला टाळाटाळ समजू नका. गाठ बदलते का, वाढते का हे बघण्यासाठी मुद्दाम ठेवलेलं ते अंतर आहे, साधारण सहा महिने, मग बारा, मग चोवीस. त्या वेळी आधीच्या फिल्म किंवा सीडी सोबत न्या, रेडिओलॉजिस्ट जुनं-नवं शेजारी ठेवून मोजतात, आणि दोन-तीन वर्षं काहीच बदल नसेल तर तिला साध्या गाठींत धरतात. मध्येच वाढल्यासारखी वाटली तर मात्र सहा महिने पूर्ण व्हायची वाट बघायची नाही.