२१ फुटांच्या आत : प्रसंगाधारित शस्त्र-प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

अगदी जवळून होणाऱ्या हल्ल्यात पिस्तुलाने स्वतःचा बचाव कसा करावा, हे अलीकडे बहुधा प्रसंग उभे करून शिकवले जाते. हल्लेखोराच्या भूमिकेत खरा माणूस असतो, शिकणाऱ्याच्या हातात रंगाची खूण उमटवणारे शस्त्र असते आणि पुढे काय घडणार याची त्याला कल्पना दिलेली नसते. या पद्धतीचा उगम शोधणारे सहसा दोन महायुद्धांमधल्या शांघायशी थांबतात. तेथील आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिसांना अरुंद गल्ल्यांत आणि अंधाऱ्या जिन्यांवर चकमकींना तोंड द्यावे लागे. स्थिर उभे राहून, हात लांब करून सावकाश नेम धरण्याची चांदमारी तेथे निरुपयोगी ठरली. त्यामुळे शिपायांना आधी धावायला लावून, दम लागलेल्या अवस्थेतच अनोळखी आणि अंधाऱ्या घरात सोडण्याचा सराव तेथे रुजला. १९४२ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने बाहेर आली आणि महायुद्धात छुप्या कामगिरीवर जाणाऱ्यांच्या प्रशिक्षणात वापरली गेली. युद्ध संपल्यावर मात्र अमेरिकी पोलिसांचे प्रशिक्षण बव्हंशी कागदी लक्ष्यांपुरतेच उरले, कारण कागदावरची भोके मोजून गुण देणे सोपे होते.

ही सोय महाग पडते, हे ५ आणि ६ एप्रिल १९७० च्या दरम्यानच्या रात्री कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे दिसले. महामार्गावर गस्त घालणारे चार पोलीस तेथे पाच मिनिटांच्या आत मारले गेले. त्यांपैकी एकाच्या खिशात रिकामी काडतुसे सापडली, म्हणजे चांदमारीच्या मैदानावरच्या सवयीने त्याने ती ऐन चकमकीत गोळा केली, ही कथा पुढे अनेक दशके वर्गावर्गांत सांगितली गेली. नंतरच्या काटेकोर छाननीत तिला आधार मिळाला नाही. पण तोपर्यंत तिने अभ्यासक्रम बदलवून टाकले होते. या क्षेत्रात दंतकथा पुराव्याच्या पुढे धावल्याचे हे एकमेव उदाहरण नव्हे. न्यायालयांचाही दबाव वाढत होता. न्यू जर्सीत रात्रीच्या पाठलागात पोलिसाच्या गोळीने एक निरपराध रहिवासी मारला गेला. त्या खटल्यात १९७९ मध्ये संघराज्य न्यायालयाने हलते लक्ष्य, अंधार आणि वस्तीचा परिसर यांचा सराव दिलाच गेला नव्हता, या मुद्द्यावर बोट ठेवले. प्रशिक्षण बदलण्यामागे दूरदृष्टीपेक्षा नुकसानभरपाईची धास्ती मोठी होती, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

या सगळ्या इतिहासात सर्वाधिक गोंधळ झाला तो ‘२१ फुटांचा नियम’ या शब्दप्रयोगाने, आणि तो नीट उलगडल्याशिवाय पुढचे वाद कळत नाहीत. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील एका पोलीस प्रशिक्षकाने एका मासिकात छोटा लेख लिहिला. प्रशिक्षित माणसाला होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या पिस्तूल-म्यानातून, पिस्तूल काढून सात यार्डांवरच्या लक्ष्यावर दोन गोळ्या मारायला साधारण दीड सेकंद लागतो, हे तेव्हा परिचित मोजमाप होते. चाकू घेतलेला धडधाकट माणूस तेवढे अंतर किती वेळात कापतो, हे त्याने तपासले आणि उत्तर तेही साधारण दीड सेकंदच आले. सात यार्ड म्हणजे २१ फूट. लेखाचा रोख सावधगिरीवर होता : धोका लवकर ओळखा, मध्ये आडोसा ठेवा, शक्य असेल तर मागे सरा. गोळी झाडण्याची कायदेशीर सीमारेषा आखणे हा त्याचा हेतू नव्हता, आणि आपण कोणताही नियम घालून दिलेला नाही, असे त्या लेखकाने पुढे स्वतःही स्पष्ट केले.

पण सरावाचा नियम झालाच. प्रशिक्षणाच्या चित्रफितींमधून आकडा पसरला आणि त्याच्यासोबतच्या अटी मागे राहिल्या. शस्त्र होल्स्टरमध्ये आहे की आधीच हातात आहे, समोरचा माणूस धावत येतो आहे की नुसता उभा आहे, मध्ये मोटार आहे की मोकळी जागा, यांपैकी कशाचाच ‘२१’ या आकड्यात मागमूस नाही. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसी बळाच्या वापरासाठी त्या क्षणी, त्या जागी असलेला विवेकी अधिकारी तसाच वागला असता का, ही कसोटी ठरवली. तेव्हापासून अधिकाऱ्याला काय शिकवले होते, हेच बचावाचे साधन होऊ लागले, आणि मैदानावर मापनपट्टीने मोजलेले अंतर न्यायालयात समर्थन म्हणून उभे राहिले. टीका दोन्ही बाजूंनी झाली. काही प्रशिक्षकांच्या मते २१ फूट अपुरे आहेत, कारण सराव करणाऱ्याला हल्ला येणार हे ठाऊक असते, रस्त्यावरच्या माणसाला नसते. उलट, पोलीस सुधारणांवर काम करणाऱ्या एका संस्थेने २०१६ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत हा नियम शिकवणे थांबवून अंतर, आडोसा आणि वेळ मिळवण्यावर भर द्यावा, असे सुचवले, आणि त्यावर पोलीस संघटनांतून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू मूळ लेखाच्या अधिक जवळची वाटते. मात्र पहिल्या बाजूचा आक्षेप शारीरिकदृष्ट्या खरा आहे, हेही मान्य करावे लागते.

हा वाद मुरत असतानाच साधने बदलली. कोऱ्या काडतुसांत गोळी नसली तरी जवळून इजा होतेच आणि नेम लागला की चुकला हे कळत नाही. मेणाच्या गोळ्यांना मर्यादा होत्या. १९८० च्या दशकात कॅनडात विकसित झालेल्या खूण उमटवणाऱ्या काडतुसांनी आणि ती झाडण्यासाठी बदललेल्या पिस्तुलांनी ही अडचण बरीचशी सोडवली. कडक शस्त्रकायदा असलेल्या जपानमध्ये छंद म्हणून वाढलेली, प्लास्टिकचे छोटे मणी झाडणारी एअरसॉफ्ट पिस्तुले हा त्याचा स्वस्त पर्याय ठरला. परिणामी, हातघाईच्या अंतरावर झोंबाझोंबी करताना शस्त्र काढणे, ते हिसकावले जाऊ न देणे आणि आधी एका हाताने वार अडवणे, या गोष्टी खऱ्या प्रतिकाराविरुद्ध करून पाहता येऊ लागल्या. आपण २१ फुटांवरच थांबवू, ही समजूत या सरावात फार वेळा टिकत नाही.

सामान्य नागरिक या क्षेत्रात मोठ्या संख्येने आले ते नंतर. १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तूल शिकवणारी एक खासगी शाळा सुरू झाली होती, पण खरी वाढ १९८७ मध्ये फ्लोरिडाने लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना पात्र अर्जदाराला नाकारता येणार नाही असा कायदा केल्यानंतरची. इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. नागरिकांना शिकवणारे बरेच जण मूळचे पोलीस किंवा सैनिक असल्याने पोलिसांचे प्रसंगच थोडेफार बदलून वापरले गेले, आणि त्यात एक मूलभूत फरक झाकला गेला. पोलिसाला अटक करण्यासाठी हल्लेखोराच्या जवळ जावेच लागते, नागरिकाला सहसा निघून जाता येते. ज्या सरावात प्रत्येक प्रसंगाचा शेवट गोळीबारातच होतो, तो शिकणाऱ्याला निघून जाण्याचा सराव देतच नाही. आणि असे सराव बरीच वर्षे नेहमीचे होते, कारण पैसे भरून आलेल्याला काहीच न घडता घरी पाठवणे शिक्षकाला जड जाते.

ऑगस्ट २०१६ मध्ये फ्लोरिडातील पुंटा गोर्डा येथे नागरिकांसाठी ठेवलेल्या प्रात्यक्षिकात कोरी काडतुसे असल्याच्या समजुतीने वापरलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटून ७३ वर्षांची एक महिला ठार झाली. गोळी झाडावी की झाडू नये, हा निर्णय समजावून सांगण्यासाठीच ते प्रात्यक्षिक होते. खरी शस्त्रे व काडतुसे सरावाच्या जागेबाहेर ठेवणे, प्रत्येकाची एकाहून अधिक जणांनी झडती घेणे, आणि जेवणाच्या सुटीनंतर ती झडती पुन्हा पहिल्यापासून घेणे, हे शिस्तीचे नियम या घटनेच्या बरेच आधीपासून ठाऊक होते. ज्या वर्गांत ते कसोशीने पाळले जातात, तेथील प्रसंगही आता लांबले आहेत : गोळी झाडली तरी प्रसंग संपत नाही. शिकणाऱ्याला आपत्कालीन सेवेला फोन करून आपण कुठे आहोत, कसे दिसतो आणि शस्त्र कुठे ठेवले आहे हे सांगावे लागते, आणि मग येणाऱ्या पोलिसांसमोर रिकामे हात दाखवत उभे राहावे लागते.